लुत्रोला जाताय? या चुका टाळा

ग्रीसमधल्या क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं लुत्रो फोटोत पाहिलं की कुणीही भुलतं. चंद्रकोरीसारखी खाडी, पांढरी घरं, निळ्या खिडक्या. फोटोत एक गोष्ट मात्र दिसत नाही: गावाला गाडीरस्ताच नाही. बोटीने या, नाहीतर चालत. बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लुत्रो सोडायच्या दिवशीच परतीचं विमान. गावातून बोटीने होरा स्फाकियोन, तिथून बसने डोंगर ओलांडून विमानतळाचं शहर हान्या, असा प्रवास. वारा चढला की बोट रद्द, मग धक्क्यावर कितीही हुज्जत घाला. शेवटची रात्र हान्यातच काढा. अडकलातच तर पायवाट आहे. ग्लिका नेराच्या किनाऱ्यावरून दोन-अडीच तासांत होरा स्फाकियोन येतं, पण वाटेत सावली जवळजवळ नाही आणि काही ठिकाणी एका बाजूला कडा. चाकांची भलीमोठी बॅग घेऊन आलेल्यांना हा पर्याय उरत नाही. पाठीवरची सॅकच आणा. किनारा खड्यांचा आहे, तेव्हा पाण्यात घालायचे बूटही.

आता जेवण. मेन्यूवर ताज्या मासळीचा भाव बहुधा किलोवर असतो, म्हणून आधी वजन करून घ्या. पहिल्या रात्री मी नुसतं बोट दाखवून मासा सांगितला. बिल आल्यावर नवरा माझ्याकडे आणि मी समुद्राकडे बघत बसले. बिलही मागितल्याशिवाय येत नाही. ताटकळत बसू नका. त्यासोबत राकीचे (तिथली कडक दारू) छोटे ग्लास आणि काहीतरी गोड आलं, तर ‘आम्ही मागवलं नाही’ म्हणून परत पाठवू नका. ते बहुतेक वेळा घरचं असतं, फुकट.

शाकाहारी मंडळी ‘निस्तीसिमा’ म्हणजे उपवासाचं, एवढं ऐकून निर्धास्त होतात. त्यात मांस, दूध, अंडी नसतात हे खरं, पण कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात! गेमिस्ता, म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या, मागवताना ‘होरिस किमा’ असं विचारा. किमा म्हणजे आपला खिमाच, होरिस म्हणजे विना.

कमोडमध्ये कागद टाकू नका, शेजारी डबा ठेवलेला असतो. दुपारी तीन ते साडेपाच गाव झोपतं, तेव्हा गच्चीवर गाणी नकोत. १५ ऑगस्टला मरियमचा मोठा सण असतो, त्या आठवड्यात आयत्या वेळी खोली मिळेल या भरवशावर राहू नका.

शेवटची गल्लत खास आपली. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. ‘बोट आहे का?’ यावर तिकीटवाला ‘ने’ म्हणाला, की मराठी कानाला ‘नाही’ ऐकू येतं आणि माणूस हिरमुसून मागे फिरतो. फिरू नका, तिकीट काढा. त्याने भुवया उंचावून ‘च्यक’ केलं, तर मात्र त्याचा अर्थ आपल्यासारखाच, ‘नाही’. मग गुपचूप आणखी एका रात्रीची खोली बघा.