प्राचीन इजिप्तमध्ये ममी कशी करत

पूर्ण काम 70 दिवसांचं. त्यातले सुमारे 40 दिवस नुसते वाळवण्याचे.

घाई पोटाची, कारण सडणं तिथूनच सुरू होतं. डाव्या कुशीत जेमतेम हात आत जाईल एवढी चीर द्यायची. फुफ्फुसं, जठर, यकृत, आतडी काढून वेगळी वाळवायची. त्यांना चार बरण्या. हृदय मात्र जागेवरच, परलोकातल्या न्यायनिवाड्यात तेच तोललं जाणार. मेंदूची कुणालाच कदर नव्हती: नाकातून आकडी घालून काढायचा.

मग नॅट्रॉन, म्हणजे खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि मीठ यांचं नैसर्गिक मिश्रण. पोकळीत त्याच्या पुरचुंड्या, वरून अख्खं शरीर त्यात गाडलेलं. कोरडंच हवं, पाण्यात कालवलं तर शरीर सुकतच नाही. हात आखडता घेऊन चालत नाही: 1994 साली अमेरिकेत केलेल्या प्रयोगात एका देहाला अडीचशे किलोहून जास्त लागलं. कातडी सैल होऊन नखं गळतात, म्हणून ती दोऱ्याने बांधायची.

शेवटी राळ आणि लिननच्या पट्ट्या, प्रत्येक बोट वेगळं गुंडाळून. राळ बेताने. तुतानखामेन राजावर ती इतकी ओतली होती की ममी शवपेटीला चिकटून बसली.