क्लॅरिनेटवरून सॅक्सोफोनकडे वळताना

दोन्ही वाद्ये एकेरी रीडवर, म्हणजे फुंकल्यावर थरथरणाऱ्या एका पातळ पट्टीवर, वाजतात, म्हणून क्लॅरिनेटवादकाला सॅक्सोफोन आपोआप जमेल असे मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. क्लॅरिनेटची नळी बहुतांशी दंडगोल असल्यामुळे डाव्या अंगठ्याची वरची कळ दाबताच खर्जातील सा एकदम वरच्या सप्तकातील पंचमावर जातो, तर सॅक्सोफोनच्या शंकूसारख्या नळीत सा वरच्या सा वरच पोहोचतो. सॅक्सोफोनची बोटे क्लॅरिनेटच्या वरच्या स्वरांशी बरीच जुळतात, त्यामुळे सरावाची सुरुवात तिथूनच करावी.

खरी अडचण ओठांची आहे. क्लॅरिनेटच्या सवयीने ओठ आवळले, तर सॅक्सोफोनचा स्वर चढा आणि चिरका लागतो. यावर उत्तम उपाय म्हणजे ऑल्टो सॅक्सोफोनचे नुसते माउथपीस (तोंडात धरायचा भाग) फुंकावे आणि साधारण ८८० हर्ट्झचा स्वर स्थिर होईपर्यंत ओठांची पकड सैल करत जावी.

परत क्लॅरिनेट हाती घेताना मात्र बोटांकडे लक्ष द्यावे, कारण सॅक्सोफोनची छिद्रे कळांच्या गाद्या झाकतात आणि क्लॅरिनेटची मुख्य छिद्रे बोटांनीच झाकावी लागतात. वादनानंतर बोटांच्या पेरांवर छिद्रांचे पूर्ण गोल वळ दिसले, तर पकड बरोबर आहे.