माजी खेळाडू, सध्याचे पी.टी. सर: कौटुंबिक विनोदी मालिका लिहिताना या चुका टाळा

बडोद्यातल्या आमच्या लहानशा वाचनगटाकडे वेबमालिकांच्या आणि एकांकिकांच्या संहिता वाचायला येतात, आणि त्यांत एक कल्पना वरचेवर भेटते: एकेकाळी मैदान गाजवलेला माणूस आता शाळेत व्यायामशिक्षक आहे, घरी आई-वडील, बायको आणि दोन मुले आहेत, आणि या सगळ्यांतून विनोद घडतो. कल्पना चांगली आहे, कारण शिस्त लावणारा माणूस घरात आला की गोंधळ आपोआप सुरू होतो. तरीही अशा बहुतेक संहिता तिसऱ्या भागात दम टाकतात. पहिला भाग हसवतो, दुसरा भाग पहिल्याचीच आठवण करून देतो, आणि तिसऱ्यात लेखक पाहुणे बोलावतो. असे का होते आणि दुरुस्ती कुठे करावी, हे पुढे लिहिले आहे.

खेळ काचेच्या कपाटात ठेवणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि बाकीच्या अर्ध्या चुका हिच्यातूनच निघतात. पहिला प्रसंग दिवाणखान्यातल्या कपाटावर उघडतो, आत ढाली आणि पदके असतात, नायक ती फडक्याने पुसतो, बायको वैतागते, आणि त्यानंतर खेळ संहितेत पुन्हा फिरकत नाही. याची परीक्षा सोपी आहे. नायकाच्या खेळाचे नाव बदलून पाहावे. कबड्डीच्या जागी पोहणे घातले आणि चार-पाच ओळींपलीकडे काही बदलावे लागले नाही, तर लेखकाने खेळाडू लिहिलेलाच नाही, असे खुशाल समजावे.

दुरुस्तीसाठी खेळाचे नियम हातात घ्यावेत, कारण माणसाची सवय नियमांतून घडते. उदाहरण म्हणून खो-खो घेऊ. पारंपरिक नियमांनुसार आठ गडी पाट्यांवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा धावतो. धावणाऱ्याला एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि बसलेल्याला खो द्यायचा तो पाठीमागूनच, हाताचा स्पर्श आणि ‘खो’ हा शब्द एकत्र. दहा-बारा वर्षे ज्याने हे अंगात मुरवले, तो घरात कसा वागेल? खंडेराव मार्केटात कोथिंबीर घेऊन पुढे निघाल्यावर बायकोचा फोन आला की मिरच्या राहिल्या, तर चार पावले मागे जाण्याऐवजी तो संपूर्ण मार्केटला वळसा घालून त्याच दुकानावर पुन्हा येईल. गॅसचे पुस्तक तो मुलाच्या पाठीमागून येऊन त्याच्या खांद्यावर टेकवेल आणि निघून जाईल. मुलगा मात्र कानांत हेडफोन घालून नेमका विरुद्ध दिशेला तोंड करून बसलेला असेल. या दोन्ही प्रसंगांत पदक नाही, जुन्या सामन्याची कथा नाही, तरीही माणूस कोण होता हे प्रेक्षकाला कळते.

खेळात झालेले बदलही कामाला येतात. २०२२ साली सुरू झालेल्या अल्टिमेट खो खो या व्यावसायिक लीगमध्ये ‘वजीर’ नावाचा आक्रमक आला, आणि त्याला कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा मिळाली. जुन्या नियमांत वाढलेल्या सरांना हे अब्रह्मण्यम् वाटणारच. पण घरात असा वजीर कोण, म्हणजे नियम सगळ्यांना आणि सूट एकाच व्यक्तीला अशी व्यक्ती कोण, हा प्रश्न एका भागापुरता नसून पूर्ण हंगामाला पुरणारा आहे. माझे मत विचाराल तर उत्तर आजी हेच आहे. बायकोला वजीर केले की संहिता लगेच नवरा-बायकोच्या ठरावीक भांडणाकडे घसरते.

बडोद्याच्या लेखकाला तर सामग्रीची वाणच नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि व्यायामगुरू प्रोफेसर माणिकरावांची परंपरा याच शहरातली आहे, हुतूतूचे नियम १९२३ साली हिंदविजय जिमखान्याने येथेच छापले, आणि दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादिलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळात येथूनच निघाला. मात्र ही माहिती पात्राच्या तोंडी भाषणासारखी घातली की विनोद तिथेच बसतो. त्यापेक्षा आजोबांकडे त्या कोशाचे खंड असावेत, एक खंड कोणीतरी नेऊन परत केलेला नसावा, आणि घरातला प्रत्येक वाद नेमका त्या हरवलेल्या खंडात मिटलेला आहे अशी आजोबांची ठाम समजूत असावी.

खेळ सुटण्याचे कारण आणि पातळी

गुडघ्याचा अपघात, संथ गतीतली पडझड आणि करुण संगीत ही जुळणी टाळावी. आपल्याकडे देशी खेळ खेळणारे बहुतेक लोक नोकरी, लग्न आणि दुखरे सांधे यांच्या गर्दीत तिशीच्या आसपास हळूहळू थांबतात. कोणत्या दिवशी थांबलो हे त्यांनाही नीट सांगता येत नाही, आणि ते न सांगता येणे अपघातापेक्षा जास्त हसवते व जास्त लागते.

नायक कोणत्या पातळीपर्यंत खेळला हेही पहिल्या पानावर ठरवून टाकावे. आमच्याकडे आलेल्या एका संहितेत पंचेचाळिशीचे सर तरुणपणी खो-खोचा विश्वचषक खेळून आले होते. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झाला; भारताने पुरुष व महिला दोन्ही विजेतेपदे मिळवली. सर त्या वेळी प्रेक्षक असू शकतात, खेळाडू नाही. दूरचित्रवाणीसमोर बसून ‘आमच्या वेळी’ असे त्यांनी सुरू करावे आणि मुलीने शांतपणे आवाज वाढवावा, एवढा प्रसंग पुरे आहे.

शाळेचे काम न पाहता शाळा लिहिणे

लेखकांच्या कल्पनेत पी.टी. सर दिवसभर शिट्टी वाजवत मैदानावर उभे असतात. खऱ्या शाळेत मैदानावरचा तास अनेकदा गणिताच्या किंवा विज्ञानाच्या राहिलेल्या अभ्यासक्रमात जातो, आणि सर प्रार्थनेच्या रांगा लावणे, गणवेश व केस तपासणे, गैरहजर शिक्षकांच्या वर्गावर प्रॉक्सी घेणे, शाळा सुटताना रिक्षा-व्हॅनची गर्दी सांभाळणे आणि १५ ऑगस्टचे संचलन बसवणे यांत असतात. विनोदाची खाण येथे आहे. ज्या माणसाने पायांनी नाव कमावले, त्याला प्रॉक्सीच्या तासाला आठवीच्या वर्गावर भूगोल घेऊन बसावे लागते आणि मुलांना त्याच्याहून जास्त येते, हा प्रसंग कोणत्याही माकडचेष्टेशिवाय उभा राहतो.

येथे आणखी एक तपशील नेहमी सुटतो. पदक दाखवून कोणी नियमित व्यायामशिक्षक होत नाही, त्यासाठी बी.पी.एड.सारखी शारीरिक शिक्षणाची पदवी लागते. म्हणजे आपल्या सरांनी खेळ आणि शाळा यांच्या मध्ये काही वर्षे पुन्हा विद्यार्थी होऊन, शरीररचनाशास्त्राची पाने पाठ करून काढली आहेत. ही वर्षे संहितेत ठेवली तर त्यांचा जुना वर्गमित्र, त्यांच्या उसन्या वह्या आणि जेमतेम मिळालेले गुण अशी दुय्यम गोष्ट आपोआप हाती लागते. गुजरातेत २०१० पासून होत असलेला खेल महाकुंभ, म्हणजे राज्य सरकारच्या क्रीडास्पर्धा, हाही विसरू नये. शाळेला संघ पाठवायचा असतो, मुख्याध्यापकांना फोटो हवा असतो, आणि सरांना फक्त धावणारी नऊ मुले हवी असतात.

घर उशिरा बांधणे

अमेरिकेत एबीसी वाहिनीवर १९९२ ते १९९७ या काळात ‘हँगिंग विथ मिस्टर कूपर’ नावाची मालिका चालली. मार्क करी या विनोदी कलावंताने तीत ओकलंडच्या शाळेत शिकवणारा माजी बास्केटबॉलपटू उभा केला होता. पहिल्या हंगामात हा नायक दोन मैत्रिणींबरोबर एका घरात राहत होता. दुसऱ्या हंगामापासून नात्यातली बहीण आणि तिची लहान मुलगी घरात आली, शाळेत मुख्याध्यापिकेचे पात्र आले, आणि मालिका कौटुंबिक झाली. मोठ्या वाहिनीला अशी डागडुजी मध्येच परवडते; सहा भागांच्या वेबमालिकेला परवडत नाही. म्हणून सरांचे विनोद लिहिण्याआधी घरातल्या प्रत्येकाला सरांशी संबंध नसलेले एकेक काम द्यावे. बायको बँकेत असेल तर तिचा स्वतःचा वरिष्ठ आणि स्वतःची बदली असावी. मुलीला खेळाचा तिटकारा असण्यापेक्षा ती वडिलांपेक्षा चांगली खेळते पण तिला ते त्यांच्याकडून शिकायचे नाही, हे अधिक खोल आहे. ज्या भागात सर खोलीतून निघून गेले की बोलणे थांबते, तो भाग पुन्हा लिहावा.

भाषा आणि गाव

बडोद्याचा मराठी माणूस गुजराती बोलतो याची टिंगल करणे ही पुण्या-मुंबईकडून आलेल्या संहितांची खोड आहे. हेल काढून बोललेले गुजराती दोन वाक्ये हसवते आणि मग कंटाळा आणते. खरा विनोद दोन्ही भाषांत असलेल्या आणि दोन वेगळे अर्थ असलेल्या शब्दांत आहे. मराठी घरात ‘दादा’ म्हणजे थोरला भाऊ, शेजारच्या गुजराती घरात ‘दादा’ म्हणजे आजोबा. धाकटा मुलगा ‘दादाने मला मारले’ असे सांगत शेजारी गेला की सरांचे बिचारे वडील बदनाम होतात. गुजराती शाळेचे मुख्याध्यापक ‘आचार्य’ असतात. महाराष्ट्रातून आलेल्या मावशींना वाटते की जावई कोणा मठात नोकरीला आहेत. अशा चार-पाच जागा शोधाव्यात आणि एका भागात एकच वापरावी.

गावाचे भान नसले की काय होते याचा एकच नमुना देतो. जुने संघमित्र भेटतात आणि बारमध्ये बसून जुन्या आठवणी काढतात, हा प्रसंग आमच्याकडे निदान चार वेळा आला आहे. गुजरातेत दारूबंदी आहे. हे मित्र सेव-उसळीच्या गाडीवर भेटतील, जास्तीची तर्री मागतील, आणि डोळ्यांत आलेले पाणी तिखटाचे आहे असे एकमेकांना सांगतील. हा प्रसंग बारपेक्षा बराही होईल. उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर कोण कोणाचा पतंग कापतो, नवरात्रात नऊ रात्री जागून सकाळच्या पाळीला शिट्टी कोण वाजवतो, आणि दांडिया बाजारातल्या गणपतीपुढे सरांना सूत्रसंचालनाला कोण उभे करतो, यांतून वर्षभराचे भाग सुचतात.

शेवटी सरांचे प्रवचन

नायक शिक्षक असल्यामुळे भागाच्या शेवटी तो मुलांना काहीतरी शिकवतो, पार्श्वसंगीत मंद होते आणि सगळे एकमेकांकडे पाहून हसतात. लेखकाला ही जागा फार आवडते, म्हणून ती कापताना त्याचा हात अडतो. त्यासाठी उपाय असा की प्रवचन पूर्ण लिहावे, मग ते चुकीच्या वेळी द्यायला लावावे: सर बोलायला लागतात आणि शाळेची घंटा होते, किंवा घरी कुकरची शिट्टी होते आणि ती किती झाली यावरून वाद पेटतो. भागातला मुख्य तंटा त्याआधीच कोणाच्या तरी कृतीने मिटलेला असावा. मार्केटच्या प्रसंगाचेच पाहा: पूर्ण वळसा घालून सर मिरच्या आणतात, बायको पिशवी उघडते, आणि कोथिंबीर दुकानाच्या पाटावरच राहिलेली असते. सर चपला पुन्हा पायांत घालतात. दारापर्यंत पोहोचल्यावर मागून खांद्यावर हात पडतो, ‘खो’ असा आवाज येतो, आणि मुलगी त्यांच्या आधी जिना उतरलेली असते.