मंदीतल्या शहराचे फोटो: चेहऱ्याच्या पलीकडे बघायला शिकताना

शहरी गरिबीचे फोटो काढायला लागलेला माणूस आधी चेहऱ्याकडे धावतो. १९३० च्या दशकातल्या महामंदीतलं अमेरिकी काम नीट बघितलं की ही ओढ कमी होते. छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत काढलेला फोटो घ्या. मोफत जेवणासाठी गर्दी जमली आहे आणि एक माणूस तिच्याकडे पाठ करून कठड्यावर टेकला आहे. हॅटच्या काठाखाली त्याचे डोळे दिसतच नाहीत. दिसतात ते एकमेकांत गुंतवलेले हात आणि दोन्ही बाहूंच्या मध्ये ठेवलेला पत्र्याचा डबा. मागची गर्दी कापून टाकली तर या फोटोत फारसं काही उरत नाही.

प्रसिद्ध फोटो सुटे बघून हे कळत नाही. फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या अमेरिकी सरकारी खात्याच्या संग्रहातल्या सुमारे पावणेदोन लाख निगेटिव्ह लायब्ररी ऑफ काँग्रेस या तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आहेत आणि त्यातले फोटो ऑनलाइन फुकट बघता येतात. खात्याच्या नावात शेती असली तरी शहरंही भरपूर आहेत. खात्याचे छायाचित्रकार रसेल ली यांचं १९४१ मधलं शिकागोच्या साउथ साइडचं काम आधी उघडा. एक फोटो निवडून त्याच्या आगेमागच्या नंबरांच्या फ्रेम ओळीने बघा. काही फोटोंत मधेच काळा गोल दिसेल. खात्याच्या फोटो विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांच्या काळात नापसंत निगेटिव्हना पंचने भोक पाडत, त्याची ती खूण. ती फ्रेम का बाद झाली असेल, यावर डोकं चालवा. एडिटिंग शिकायला याहून चांगली जागा नाही.

स्ट्रायकर छायाचित्रकारांना काय काय टिपायचं याच्या याद्या देत. तशी यादी स्वतः करा: भाडं, पाणी, चूल, झोपायची जागा, उधारी, कामाचा शोध.

खोलीत काम करताना सगळ्यात जास्त चुकते ती लेन्स. जागा अपुरी म्हणून २० किंवा २४ मिमीची वाइड लेन्स लावली की खोली ऐसपैस दिसते, आणि सहा माणसांची दाटी, म्हणजे मूळ मुद्दाच, फोटोतून जातो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) ३५ मिमीची लेन्स ठेवा, दाराच्या चौकटीत पाठ टेकवा. आयएसओ १६००, ॲपर्चर एफ/४, शटर १/६० सेकंद इथून सुरुवात करा. समोरून थेट फ्लॅश मारला तर भिंतीची ओल आणि पोपडे सपाट होतात. खिडकीचा आडवा उजेड तेच उठावदार दाखवतो. खोलीची लांबी-रुंदी टेपने मोजून लिहून ठेवा.

कॅप्शन त्याच दिवशी लिहा: नाव (छापायला परवानगी असेल तरच), घरातली माणसं, भाडं, काम कधी सुटलं, हे कोणी सांगितलं. लँग यांच्या १९३६ च्या, मुलांना घेऊन बसलेल्या आईच्या जगप्रसिद्ध फोटोत त्या बाईंचं नाव नोंदवलेलं नव्हतं. त्या कोण हे जगाला कळलं १९७८ मध्ये, आणि त्या फोटोवर त्या नाराज होत्या हेही तेव्हाच.

आणि वस्तू हलवू नका. स्ट्रायकर यांच्याच विभागातले छायाचित्रकार आर्थर रॉथस्टाइन यांनी १९३६ मध्ये दुष्काळी जमिनीवरची जनावराची कवटी थोडी सरकवून फोटो काढले. सरकारविरोधी वृत्तपत्रांनी तेवढं धरून सरकारी मदतकार्यच बनावट ठरवायचा प्रयत्न केला. दुष्काळ खरा होता, तरीही.