मण्यार की कवड्या? अ‍ॅपला विचारण्याआधी

पावसाळ्यात शहराच्या हद्दवाढ भागात घरात साप निघाला की हल्ली काठीआधी मोबाइल निघतो. हे चांगलंच आहे. बिघडतं ते पुढे: अ‍ॅपने 'कवड्या' (मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी साप) म्हटलं की कोणीतरी साप हाताने उचलायला जातं, आणि तो अतिविषारी मण्यार निघू शकतो. त्या हाताचा दोष अ‍ॅपच्या माथी मारता येत नाही. फोटोवरून प्राणी-वनस्पती ओळखणारं आयनॅचरलिस्ट बऱ्याचदा वर मोघम गट सांगतं आणि खाली संभाव्य नावांची यादी देतं. भरवशाचा तो मोघम गट, यादी म्हणजे अंदाज. लोक नेमकं उलट धरतात. गुगल लेन्स तर मिळतेजुळते फोटो समोर ठेवतं, त्याला ओळख म्हणणंच चूक.

फोटो काढताना दोन मीटर लांब राहा, झूम वापरा. पूर्ण साप, मानेजवळचा भाग, पाठीचा मध्य आणि शेपटीकडचा भाग असे वेगवेगळे फोटो हवेत, कारण मण्यार आणि कवड्या यांतला फरक तिथेच आहे. मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीने असतात, मानेकडे पुसट किंवा नसतातच, शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे मानेपासून सुरू होतात आणि मागे विरत जातात. मण्यारीच्या पाठीच्या मधल्या रांगेतले खवले मोठे, षटकोनी असतात. अंधारातल्या एका धूसर फोटोत यातलं काहीच दिसत नाही, मग अ‍ॅप तरी काय सांगणार? उत्तर काहीही येवो, साप मण्यार समजूनच लांब राहायचं आणि सर्पमित्राला बोलवायचं.

चावा झाला असेल तर अ‍ॅप उघडूच नका. मण्यारीचा चावा अनेकदा दुखतही नाही, म्हणून 'बिनविषारी' हे उत्तर तिथे जीवघेणं ठरतं. १०८ ला फोन करा, चावलेला अवयव हलवू नका, करकचून बांधू नका, चिरा देऊ नका. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर चालतं, त्यामुळे नावासाठी खोळंबायचं कारण नाही.

अळंबीचा फोटो टाकून भाजी करायची की नाही हे ठरवू नका. इतकंच.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर धोका उलटा असतो, तिथे ओळख बरोबर असली तरी नुकसान होतं. माळढोकसारख्या संकटग्रस्त प्रजातीचं ठिकाण आयनॅचरलिस्ट आपोआप साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकटीत धूसर करतं. पण नोंदीच्या वर्णनात आपणच 'अमुक विहिरीच्या मागे' असं लिहिलं तर ती सोय वाया गेली. लांडग्याची गुहा किंवा कुठलंही घरटं टाकताना जिओप्रायव्हसीत (ठिकाण किती उघड करायचं ते ठरवणारी सेटिंग) 'ऑब्स्क्युअर्ड', म्हणजे धूसर, स्वतः निवडा. ग्रुपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवू नका: साध्या फोटोतून व्हॉट्सअ‍ॅप ठिकाणाची माहिती काढून टाकतं, डॉक्युमेंटमध्ये ती जशीच्या तशी जाते.