ज्युनिअर सॉन्गफेस्टिव्हलनंतर काय? नेदरलँड्समधल्या आई-बाबांसाठी

आयंडहोव्हनच्या मराठी घरांत पोर जरा सुरात गायला लागलं, की ‘ज्युनिअर सॉन्गफेस्टिव्हलला पाठवू या का?’ हा विषय निघतोच. ज्युनिअर युरोव्हिजन या मुलांच्या युरोपीय गायनस्पर्धेसाठी नेदरलँड्सचा स्पर्धक इथून निवडला जातो. माझी मुलगी इथल्या संगीतशाळेत गाणं शिकते, म्हणून मलाही विचारतात. पाठवा की! फक्त ऑडिशनइतकाच विचार त्यानंतरच्या चार-पाच वर्षांचाही करा.

इथल्या लोकांना लगेच आठवतो तो राल्फ माकेनबाख. आमच्या शेजारच्या बेस्ट गावचा. २००९ च्या नोव्हेंबरात कीवमध्ये टॅप शूज वाजवत त्याने ‘क्लिक क्लॅक’ म्हटलं आणि १२१ गुण मिळवून ज्युनिअर युरोव्हिजन जिंकलं. रशिया आणि आर्मेनिया प्रत्येकी ११६ वर थांबले. त्याच वर्षी आपल्याकडे कार्तिकी गायकवाड ‘लिटिल चॅम्प्स’ जिंकली होती, पण दोन्हींत मोठा फरक आहे. आपल्याकडे मुलं गाजलेली गाणी गातात. इथे अंतिम फेरीत गाणं नवंकोरं लागतं. नुसतं हुबेहूब गाता येणं पुरत नाही.

राल्फ तेव्हा १४ वर्षांचा होता. मुलांचा आवाज फुटतो तो याच सुमारास. ज्या पट्टीत गाणं गाजलं, त्या पट्टीत वर्षभराने गाता येईलच असं नाही, आणि कार्यक्रमांना बोलावणारे तर तेच गाणं मागतात. म्हणून गळ्याच्या जोडीला नाच, पियानो, गाणी लिहिणं असं काहीतरी हातात हवंच. आवाज बदलत असताना वरच्या सुरांचा हट्ट धरू नका, शिक्षकांनाही धरू देऊ नका.

मला स्वतःला लिसा, एमी आणि शेली या वोल बहिणींची वाटचाल जास्त भावते. २००७ च्या ज्युनिअर युरोव्हिजनमध्ये रॉटरडॅमला, म्हणजे घरच्याच मैदानात, त्या अकराव्या आल्या. अशा निकालानंतर किती घरांत गाणं बंद झालं असतं! या तिघी एकत्र गात राहिल्या, २०१४ मध्ये ‘द व्हॉइस ऑफ हॉलंड’ ही टीव्हीवरची गायनस्पर्धा जिंकल्या आणि २०१७ मध्ये ‘ओजीन’ या नावाने मोठ्यांच्या युरोव्हिजनला कीवला गेल्या. तिथेही नंबर अकरावाच! गाणं आईच्या आजारपणावरचं होतं आणि ते लिहिण्यात वडिलांचा हात होता. मधली सात वर्षं टीव्हीवर दिसण्याची नव्हती, तिघींचे आवाज एकमेकींत मुरण्याची होती, असं मला ती गाणी ऐकताना वाटतं.

आता कागदपत्रं. मूल तेरा वर्षांखालचं असेल, तर कार्यक्रमात गाण्यासाठी (तेही कामच धरतात) कामगार निरीक्षणालयाची खास परवानगी लागते. ती आयोजकाने काढायची असते. काढली का, हे तुम्ही विचारा. शाळेची रजा मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. रेकॉर्डिंगचा करार पुढे आला, तर मूळ रेकॉर्डिंग कोणाच्या मालकीचं आणि किती वर्षांसाठी, हे वाचल्याशिवाय सही नको. गाण्याच्या लेखनात मुलाचा वाटा असेल, तर त्याचं नाव ‘ब्यूमा-स्टेम्रा’ या गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेकडे लेखक म्हणून नोंदवलं जाईल हे पाहा.

आणि शाळा सोडवू नका. टिलबर्गची रॉकअकादमी एचबीओ (व्यावसायिक पदवी) दर्जाची आहे, तिथे हावो (पाच वर्षांची माध्यमिक शाळा) किंवा एमबीओ-४ (व्यवसाय शिक्षणाची सर्वात वरची पातळी) चं प्रमाणपत्र लागतं. युट्रेख्तची हेर्मान ब्रोड अकादमी एमबीओ आहे, म्हणजे व्हीएमबीओ (चार वर्षांची, व्यवसायाभिमुख माध्यमिक शाळा) नंतरही तो रस्ता खुला आहे. दोन्हीकडे निवड चाचणी असते.