उन्हाळ्यात पिल्लं आणि अंडी नेताना: गाडी थांबली की घात

एप्रिल-मेमध्ये कोंबडीची एक दिवसाची पिल्लं मागवताना हॅचरीला (उबवणी केंद्राला) दर विचारण्याआधी विचारा, गाडी सुटणार किती वाजता? सकाळी दहाला भरलेली गाडी विदर्भ-मराठवाड्यात नेमकी बारा ते चारच्या उन्हात रस्त्यावर सापडते. बाहेर 42-43 अंश आणि वर तापलेला पत्रा. अशा गाडीतून जिवंत उतरलेली पिल्लंसुद्धा पुढे आठवडाभर मरत राहतात, आणि खापर फुटतं खाद्यावर नाहीतर लसीवर. पहाटे तीन-चारला निघून आठ-नऊच्या आत शेडवर पोचेल असं बघा. पल्ला लांबचा असेल तर सूर्य कलल्यावर भरून रात्रभर चालवलेली गाडी बरी.

आकडे दोन-तीनच आहेत, पण ते पक्के डोक्यात हवेत. पिल्लाच्या अंगाचं तापमान 39.5 ते 40.5 अंश असावं. त्यासाठी खोक्यातल्या हवेचं तापमान 32 अंशांच्या आसपास लागतं. आणि खोक्यात 32 राहायचं तर गाडीतली हवा 22 ते 26 अंशच हवी, कारण शंभर पिल्लं स्वतःच खोकं तापवत असतात. इथेच बहुतेकांची गफलत होते. 'पिल्लाला 32 अंश लागतात' हे ऐकलेलं असतं, म्हणून गाडीत 32 असलं की ड्रायव्हर निर्धास्त. तेव्हा खोक्याच्या मधोमध 38-40 झालेलं असतं. अंगाचं तापमान 41 च्या वर गेलं की पिल्लू चोच उघडून धापा टाकायला लागतं, आणि अंगातलं पाणी नेहमीच्या कित्येक पट वेगाने जातं. पोटातल्या बलकावर पिल्लू तीन दिवस काढतं म्हणतात ते खरं आहे, पण ते गारव्यातल्या पिल्लाचं. धापा टाकणाऱ्या पिल्लाला तो बलक पाणी पुरवू शकत नाही.

म्हणून वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्या. तो फार महाग नसतो. वायरचं टोक खोक्यात, पिल्लांच्या उंचीवर सोडायचं आणि डिस्प्ले ड्रायव्हरच्या समोर. कुठल्या खोक्यात? केबिनलगतच्या थप्पीत, वरून दुसऱ्या. कारण चालत्या गाडीत वारा समोरून आत येतो असं वाटतं, पण ताडपत्री लावलेल्या हौद्यात बऱ्याचदा उलटं घडतं. केबिनला आपटून वारा दोन्ही बाजूंना फाकतो, पुढच्या भागातली हवा बाहेर ओढली जाते आणि नवी हवा मागून शिरून पुढे सरकते. केबिनपाशी पोचेपर्यंत तिने वाटेतल्या सगळ्या खोक्यांची ऊब घेतलेली असते. मागचा पडदा घट्ट बांधून पुढची खिडकी उघडी ठेवणारे हे लक्षात घेत नाहीत.

थप्प्यांमध्ये चार बोटांची फट ठेवा आणि ती पट्ट्या लावून पक्की करा. नाहीतर पहिल्याच ब्रेकला सगळी खोकी एकमेकांना चिकटतात आणि बाजूची भोकं बुजतात. तळाला लाकडी पट्ट्या हव्यातच, कारण सायलेन्सरच्या वरचा पत्रा चांगलाच तापतो. एरवी खोक्याच्या चार कप्प्यांत मिळून शंभर पिल्लं भरतात, उन्हाळ्यात ऐंशीच भरायला सांगा. भाडं थोडं वाढेल. हॅचरीकडून शेकड्याला दोन पिल्लं जादा मिळतात, त्या भरवशावर दाटीवाटी सोसू नका.

आता थांबण्याबद्दल. गाडी पळते तोवर निदान वारा असतो. ती टोलनाक्यावर, घाटातल्या कोंडीत किंवा ढाब्यासमोर उभी राहिली की काही मिनिटांत खोक्यातलं तापमान चढतं. ड्रायव्हरला जेवण आधी द्या, डिझेल आदल्या दिवशी भरून ठेवा, कागदपत्रं हाताशी ठेवा. ज्या ड्रायव्हरला वाटेत आणखी तीन ठिकाणी माल उतरवायचा आहे, त्याच्या गाडीत शेवटचं गिऱ्हाईक होऊ नका. पंक्चर झालंच तर आधी गाडी सावलीला, मागचं फाळकं उघडं, वरची दोन-दोन खोकी खाली उतरवून मोकळी, आणि मग जॅक.

ओलं गोणपाट लावावं का, याचं उत्तर जिल्ह्यावर आहे. अकोल्यात किंवा जळगावात हवा 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर ओल्या गोणपाटातून येणारी हवा तत्त्वतः 24 अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात तितकी उतरत नाही, पण फरक मोठा पडतो. तोच प्रयोग रत्नागिरीत, 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेत केला, तर फार फार तर 29. गारवा नावापुरता, वर दमटपणा वाढतो आणि धापा टाकून अंग गार करायची पिल्लाची सोयही जाते. कोकणात आणि गोव्यात गोणपाट कोरडंच ठेवा, पिल्लं कमी भरा आणि रात्रीच न्या. पाणी मात्र कुठेही थेट पिल्लांवर शिंपडायचं नाही. ओलं पिल्लू उन्हाळ्यातही चालत्या वाऱ्यात गारठून मरतं.

एसी गाडी असली की प्रश्न मिटला असं नाही. बंद डब्यात तीच हवा फिरत राहिली तर पिल्लं गारव्यात गुदमरतात. बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडी आहे ना, हे भरतानाच हाताने तपासा. 'एसी कमी पडतो' म्हणून ती बंद करणारे महाभाग असतात. थंड झोताच्या तोंडाशी खोकं नको.

खडकी, कोल्हापूर किंवा नागपूरच्या सरकारी उबवणी केंद्रातून शंभर-दोनशे पिल्लं नेणाऱ्यांनी चारचाकीच्या मागच्या सीटवर खोकी ठेवावीत, एसी माफक आणि एक काच बोटभर खाली. डिकीत नको, बसच्या सामानाच्या कप्प्यात तर नकोच.

वाटेत तपासणी कानाने होते. सुखात असलेली पिल्लं हळू कुजबुजतात. एकसुरी तार स्वरात चिवचिवाट चालू असेल तर काहीतरी बिघडलंय. झाकण उचला: पंख फाकवून, माना लांबवून कडेला पसरली असतील तर गरम, एकमेकांवर चढून गोळा झाली असतील तर गार. शंका आली तर एका पिल्लाचे पाय गालाला लावा. पाय थंड लागले तर वारा कमी करा. हे पहाटेच्या गाडीत मेमध्येसुद्धा घडतं, विशेषतः घाटमाथ्यावर.

शेडवर पोचल्यावर खोकी बाहेर मांडून मोजत बसू नका. आत नेऊन पिल्लं सोडता सोडता मोजा. मेलेली मात्र ड्रायव्हरसमोर मोजून चलनावर लिहून घ्या. पहाटे ब्रूडरखाली (पिल्लांना ऊब देणाऱ्या बल्बच्या छत्रीखाली) 32-33 अंश हवेत, पण दुपारी शेडच 38 वर गेली तर बल्ब बंद करायचे, 'पहिला दिवस आहे' म्हणून चालू ठेवायचे नाहीत. पाणी माठातल्यासारखं गार, छपरावरच्या टाकीतलं गरम नको. पाण्यात इलेक्ट्रोलाइट (क्षारांची पूड) पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच घाला. प्रत्येक ड्रिंकरपाशी (पाण्याच्या भांड्यापाशी) चार-पाच पिल्लांच्या चोची बुडवून दाखवा, बाकीची बघून शिकतात. पाणी प्यायल्यावर दोनेक तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा.

अंड्यांचं वेगळं. खायच्या अंड्यांच्या 210 च्या पेटीवर ताडपत्री थेट टेकवू नका, मध्ये हवेला जागा ठेवा. व्हाइट लेगहॉर्न जातीच्या कोंबडीच्या पांढऱ्या अंड्यांना उन्हाचा त्रास म्हणजे पांढरा भाग पातळ होणं. गावरान अंड्यांत धोका जास्त, कारण कळपात कोंबडा असतो. फलित अंडं 24-25 अंशांच्या वर राहिलं की गर्भ हळूहळू वाढू लागतो, मग मरतो, आणि गिऱ्हाईक फोडतं तेव्हा आत रक्ताचं कडं. खाण्यासाठीच विकायची असतील तर उन्हाळ्यात कोंबडे वेगळे काढा. काढल्यानंतरही दोन-तीन आठवडे फलित अंडी येतात, तेवढी आधीपासून तयारी.

उबवणीची अंडी रुंद टोक वर ठेवून, 16 ते 18 अंशांत, 75 टक्के आर्द्रतेत न्यावीत आणि उबवणी मशीनमध्ये घालण्याआधी 12 ते 24 तास विसावा द्यावा. मृगाच्या तोंडावर हवा दमट झाली की एक नवं दुखणं सुरू होतं: गार गाडीतून काढलेल्या अंड्यांना दहिवर सुटतं. त्या ओलाव्यातून जिवाणू कवचाच्या छिद्रांतून आत जातात आणि पंधरा दिवसांनी मशीनमध्ये अंडी फुटून घाण वास सुटतो. अशी अंडी पुसायची नाहीत, फडक्याने तर मुळीच नाही. ट्रे सुटे मांडून पंखा लावा आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच पुन्हा गार खोलीत न्या. उतरवण्याआधी तासभर गाडीचा एसी बंद करून दार किलकिलं ठेवलं तर दहिवर बरंच टळतं.